बाजारातला चितारी

नव्या शहरात पाऊल ठेवले की आपले पहिले बोलणे होते ते तेथील पाट्यांशी. जेवावयाचे कोठे, चष्मा कोठे दुरुस्त होईल, वैद्य कोणत्या बोळात बसतो, धर्मशाळेचा दरवाजा कोणता, हे सारे पाटी सांगते. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. तिच्यावरील अक्षरे कोणी लिहिली आणि हा हात त्याने कोठे कमावला, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. वास्तविक ज्या गुणांमुळे आपण एखाद्या कलेला लोककला म्हणतो, ते पुष्कळसे गुण हाताने रंगविलेल्या पाटीत आढळतात. आणि ती रंगविणारा मनुष्य पुष्कळदा कोणत्याही चित्रशाळेची पायरी न चढलेला, खेड्यातून येऊन शहराला आपले मानणारा असा स्वयंशिक्षित कलावंत असतो. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. त्याचे नाव कोणत्याही कलेतिहासात नाही. बाजार त्याला नुसते 'पेंटर' म्हणून हाक मारतो, तेव्हा आपणही त्याला त्याच नावाने ओळखू. आणि त्याचे शहर म्हणून छत्तीसगडची राजधानी रायपूर हे डोळ्यांसमोर ठेवू.

रायपूर मराठी श्रोत्यांना अगदीच परके नाही. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. त्या काळी प्रांताचे मुख्य ठाणे रतनपूर होते. १८१८ नंतर ते रायपूरला हलले. पुढे इंग्रजी अमदानीत, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत, रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. कारकुनी, शिक्षकी, वकिली, रेल्वेची नोकरी अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. तात्यापारा हे येथील एका वस्तीचे नाव आणि येथील महाराष्ट्र मंडळ त्या येण्याची साक्ष देतात. मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावरील हे ठिकाण असल्यामुळे मराठी माणसांप्रमाणेच मारवाडी, गुजराती, ओडिया, बंगाली, तेलुगू माणसेही येथे आली. फाळणीनंतर सिंधी व पंजाबी आले. १९५९ च्या फेब्रुवारीत जवळच भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि सबंध मुलूखच गजबजला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा रायपूरला राजधानीचा मान मिळाला.

असे शहर म्हणजे पाट्यांची पेठच. येणारा प्रत्येक जण काही ना काही दुकान मांडतो, आणि दुकान मांडावयाचे तर नाव लिहावे लागते. गोलबाजार, सदर बाजार, मालवीय रोड या भागांत एका भिंतीला दहा व्यवसाय खेटून उभे असतात. तेथे आपले दुकान वेगळे दिसावे ही गरज पेंटरचे पोट भरते. पेंटर स्वतः येतो तो बहुधा आसपासच्या भातशेतीच्या गावांतून. छत्तीसगडच्या मैदानाला 'धान का कटोरा' म्हणतात खरे. परंतु या शेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून असलेला आणि एकच पीक घेणारा. कापणी झाली की हातांना काम उरत नाही. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी रिक्षा ओढतो, आणि ज्याला लहानपणापासून कोळशाने भिंती काळ्या करण्याचा नाद होता तो एखाद्या रंगाच्या दुकानाबाहेर उभा राहतो.

या नादाला खेड्यात खतपाणी मिळालेले असते. छत्तीसगडची घरे चित्रांच्या सहवासात वाढलेली आहेत. मातीच्या भिंती 'छुही' नावाच्या पांढऱ्या मातीने सारवून लख्ख करावयाच्या, खाली गेरूचा पट्टा ओढावयाचा, दारापुढे तांदळाच्या पिठाने चौक पुरावयाचा, हा बायकांचा नित्याचा घरसंसार. हरेलीच्या सणाला, म्हणजे आपल्याकडील दिव्यांच्या अवसेला, घराच्या बाहेरील भिंतींवर शेणाने माणसांच्या व जनावरांच्या आकृती काढतात. त्यांना 'सवनाही' म्हणतात. पावसाळ्यात घरादाराचे आणि गुराढोरांचे अरिष्टापासून रक्षण व्हावे, ही त्यामागील श्रद्धा. गोकुळाष्टमीला 'आठे कन्हैया' भिंतीवर उतरतात: ओळीने उभ्या असलेल्या आठ आकृती, पानांचा रस, गेरू, काजळ अशा घरच्याच रंगांनी भरलेल्या. या आकृत्यांत उजेडसावलीचा खेळ नसतो की दूरजवळचा भेदही नसतो. एक ठसठशीत बाह्यरेषा आणि तिच्या आत भरलेला सपाट रंग, एवढेच. दुरून पाहणाऱ्याला क्षणात कळावे अशीच ती रचना आहे.

पाटीलाही हेच तर हवे असते! सायकलवरून जाणाऱ्या माणसाला ती दोन पळांत वाचता आली पाहिजे. म्हणून आईच्या भिंतीवर पाहिलेली ठसठशीत रेघ आणि सपाट रंग ही पेंटरची पहिली शिदोरी ठरते. सगळेच पेंटर ही शिदोरी जाणीवपूर्वक उघडतात असे मी म्हणत नाही. परंतु डोळ्याला बालपणी लागलेले वळण सहजासहजी जात नाही, आणि रायपूरच्या जुन्या पाट्यांवरील कमळे, मोर व वेलबुट्टी पाहिली की त्यांचे माहेर कोठे आहे ते ओळखावयास वेळ लागत नाही.

आता त्याच्या शिक्षणाकडे वळू. नागपूरच्या महाल भागात चितारओळ आहे. तेथे मूर्ती घडविण्याचे व रंगविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या घरात चालत आले. मुलगा बापाच्या मांडीवर बसून कुंचला धरावयास शिकला. रायपूरच्या पेंटरला अशी ओळ नाही आणि घराणेही नाही. फार तर एखाद्या जुन्या पेंटरच्या हाताखाली त्याला डबे धुण्याचे आणि पत्रे घासण्याचे काम मिळते. तेथे शिकविण्याची पद्धत म्हणजे न शिकविण्याची पद्धत होय. उस्ताद काम करतो, पोऱ्याने पाहावयाचे. काही दिवसांनी त्याला आखलेल्या अक्षरांत रंग भरू देतात. अक्षराची कड धरावयास मात्र कित्येक महिने मिळत नाही. मग एके दिवशी उस्ताद नसताना कोणीतरी गिऱ्हाईक येते, आणि पोऱ्या भीत भीत पहिली पाटी एकट्याने रंगवितो. त्याची पदवी हीच आणि पदवीदान समारंभही हाच. बाकीचे शिक्षण रस्त्यावर होते. सिनेमाचे फलक, औषधांच्या जाहिराती, दिनदर्शिका, मालमोटारींच्या पाठी हे त्याचे ग्रंथालय.

एक पाटी कशी तयार होते ते थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. कारण पाहणाऱ्याला तिच्यातील श्रम दिसत नाहीत. प्रथम लाकडी चौकटीवर लोखंडी पत्रा ठोकावयाचा. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून तो पॉलिश कागदाने घासून पुसून घ्यावयाचा. त्यावर रेड ऑक्साइडचा पहिला हात. हा तांबडा थर गंजाला आवर घालतो. खाचखळगे असतील तेथे लांबी भरावयाची, वाळल्यावर पुन्हा घासावयाचे आणि मग जमिनीचा रंग दोनदा द्यावयाचा. पेंटर लोक पाटीच्या पार्श्वभूमीला 'जमीन' म्हणतात. शेतकऱ्याच्या मुलाच्या तोंडी हा शब्द किती शोभतो! जमीन पुरती वाळली की खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये एक झटका देतात. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. सुतार लाकडावर अशीच रेघ पाडतात. अशा दोन रेघांच्या दरम्यान अक्षरे बसवावयाची असतात.

येथे खरी परीक्षा सुरू होते. 'शर्मा वस्त्र भांडार' हे नाव सहा फुटांत बसवावयाचे आणि शेवटच्या 'र'ची गळचेपी होऊ द्यावयाची नाही. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणारे पेंटर थोडे. बहुतेक जण डोळ्यांनीच अक्षरे मोजतात. प्रत्येक अक्षर सारखी जागा खात नाही. 'र' अरुंद, 'क्ष' ऐसपैस. शिवाय वेलांटीला वर आणि उकाराला खाली जागा ठेवावी लागते. खडूने पुसट आराखडा झाला की एका हातात काठी येते. तिच्या टोकाला कापडाचा बोळा बांधलेला असतो. तो बोळा पाटीच्या कडेला टेकवावयाचा आणि काठीवर कुंचल्याचे मनगट ठेवावयाचे, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही व रेघ कापत नाही. युरोपातील जुन्या चित्रकारांच्या हातीही अशीच काठी असे. तीच नक्षी पुनःपुन्हा काढावयाची असेल तर कागदावर तिच्या रेषेवरून टाचणीने भोके पाडतात आणि त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. आपल्या घरांतील रांगोळीचे ठसे याच युक्तीवर चालतात.

रंगांचीही एक गोष्ट आहे. जुन्या तेलरंगांत रंगद्रव्य धरून ठेवावयास जवसाचे तेल लागे. हे तेल नुसते सुकत नाही. हवेतील प्राणवायू शोषून त्याची कातड्यासारखी चिवट पापडी बनते, आणि म्हणूनच ऊनपाऊस सोसते. छत्तीसगडात हा जवस भाताच्या शेतातच होतो. भात उभे असताना ओल्या चिखलात जवसाचे किंवा लाखेच्या डाळीचे बी फेकून देतात, आणि भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलाव्यावर ते पीक वाढते. याला तिकडे 'उतेरा' म्हणतात. ज्या शेताने पेंटरला वर्षभर काम दिले नाही, त्याच जातीच्या शेतातले तेल त्याच्या धंद्याच्या मुळाशी असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. रंग निवडतानाही अनुभवच बोलतो. पिवळ्यावर काळे सर्वांत दुरून दिसते. भडक तांबडा उन्हात लवकर फिका पडतो. गेरूचा तांबडा मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो, कारण गेरू म्हणजे मुळात लोखंडाचा गंजच, त्याचे ऊन आणखी काय बिघडविणार? अक्षराला छाया द्यावयाची ती बहुधा उजवीकडे आणि खाली, जणू प्रकाश डाव्या बाजूने वरून येत आहे. ही एक सवय सर्व पाटीभर सांभाळली की अक्षरे पत्र्यापासून सुटून उभी राहिल्यासारखी वाटतात.

या झगमगाटाची किंमत पेंटरच्या देहाने दिली आहे, हेही सांगितले पाहिजे. कित्येक वर्षे झळझळीत पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाचे क्षार असत. शिसे शरीरात साचते; ते मज्जातंतूंना, रक्ताला आणि विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करण्याची आणि रंगाच्या हातांनी भाकरी खाण्याची सवय ज्याला असेल, त्याच्या पोटात ते थेट जाते. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. तोपर्यंत पेंटरांच्या दोन-तीन पिढ्यांचे आयुष्य त्या रंगांत गेले होते.

आता अक्षरांकडे येऊ. देवनागरी अक्षराची घडण बोरूच्या तिरप्या तोंडातून झाली आहे. म्हणून त्याच्या रेषा कोठे जाड, कोठे बारीक होतात. पेंटरचा कुंचला बोरू नव्हे. त्याला ती जाडी व बारीकपणा रंग भरून उभा करावा लागतो, म्हणजे अक्षर लिहावयाचे नसून चितारावयाचे असते. शाळा अर्धवट सुटलेल्या पेंटरच्या हातीही म्हणून सुंदर अक्षर असू शकते. तो अक्षराकडे ध्वनीचे चिन्ह म्हणून पाहण्याआधी आकृती म्हणून पाहतो. क्वचित या पाहण्यात ऱ्हस्वदीर्घाची गल्लत होते आणि आपण सुशिक्षित लोक तिला हसतो. पण त्या शब्दाचा तोल, त्यातील काळ्यापांढऱ्याची वाटणी किती नेमकी साधली आहे, ते आपल्या ध्यानात येत नाही.

मराठी माणसाने या संदर्भात एका अक्षराकडे मुद्दाम पाहावे. ते अक्षर म्हणजे 'ळ'. हिंदीच्या नेहमीच्या लिहिण्यात त्याला स्थान नाही. रायपूरच्या एखाद्या मराठी वकिलाला आपले 'काळे' किंवा 'गोखले-टिळक' असे नाव दारावर हवे असेल, तर पेंटरपुढे कधी न काढलेली आकृती येते. कोणी 'काले' लिहून मोकळा होतो. जो मनापासून काम करतो तो वकिलाकडून ते अक्षर कागदावर लिहून घेतो, दोन वाटोळी पोटे कशी जोडली आहेत ते निरखतो आणि पाटीवर उतरवितो. 'ल' आणि 'श' यांचेही तसेच. या अक्षरांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे. उलट 'अ', 'झ', 'ण' यांची जुनी उत्तरेकडील वळणे मागे पडून आपल्याकडील वळणेच पुढे हिंदीच्या प्रमाण लेखनाने स्वीकारली. दोन्ही वळणांच्या सीमेवर बसलेला रायपूरचा पेंटर त्यामुळे कधी एक, कधी दुसरे वळण वापरतो. आणि एकाच बाजारात दोन्ही सुखाने नांदतात. नोव्हेंबर २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा देण्याचे विधेयक संमत केले. घरी बोलावयाची भाषा पाटीवर लिहावयाची भाषा होऊ लागली, तर तिचेही पहिले लेखनिक हेच लोक.

पाटी ही केवळ वाचणाऱ्यांसाठी नसते, हे विसरून चालणार नाही. १९५१ च्या खानेसुमारीत देशातील शंभरांतील सुमारे अठरा माणसेच साक्षर होती. अशा देशात न्हाव्याच्या पाटीवर वस्तरा, शिंप्याच्या पाटीवर कात्री, दातांच्या डॉक्टरकडे भलीमोठी बत्तिशी काढणे हा हौसेचा भाग नव्हता. बहुसंख्य गिऱ्हाईक ते चित्रच वाचत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांसाठी पक्षांना चिन्हे द्यावी लागली. बैलजोडी, दिवा ही चिन्हे गावोगावच्या भिंतींवर चढली ती अशाच हातांनी. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही याच हातांनी खेडोपाडी पोहोचविला. आपल्या लोकशाहीचे आणि लोकशिक्षणाचे कितीतरी पाठ या माणसाने रोजंदारीवर गिरविले आहेत, याची नोंद कोणी ठेवली नाही.

पाटी आणि फलक रंगविता रंगविता मोठे झालेले कलावंत आपल्या महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहेत. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे चित्रशाळेत न शिकता नाटकांचे पडदे रंगवीत पुढे आले, आणि धंद्याचे नावच आडनाव म्हणून मिरवीत 'बाबूराव पेंटर' झाले. 'सैरंध्री' या त्यांच्या १९२० च्या चित्रपटापासून मराठी चित्रसृष्टीचा एक वैभवशाली अध्याय सुरू झाला. कोल्हापूरचेच जी. कांबळे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत. १९६० च्या 'मोगल-ए-आझम'साठी मराठा मंदिरावर त्यांनी रंगविलेल्या भव्य फलकांची आठवण जाणकार काढतात, आणि शिवछत्रपतींचे त्यांनी काढलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत प्रथम सिनेमाचे फलकच रंगवीत होते. ही नावे मोठी झाली ती त्यांनी पाटी सोडली किंवा तिच्याहून मोठे काम केले तेव्हा. जो जन्मभर पाटीच रंगवीत राहिला त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे.

छत्तीसगड आणि त्याच्या शेजारच्या मुलखाने या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिलेले आहे. सरगुजा भागातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी कोणाकडूनही न शिकता मातीच्या जाळ्या आणि पशुपक्षी घडवून आपले घर भरून टाकले होते. भोपाळच्या भारत भवनाच्या लोकांनी ते पाहिले आणि पुढे त्यांना राष्ट्रीय सन्मान लाभला. पाटणगढचा तरुण गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकाच्या आरंभी अशाच शोधातून भोपाळला आला. त्या परक्या शहराला त्याने आपले केले, तेथील विधानभवनाच्या भिंती रंगविल्या, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, आणि त्याच्या मागून एक नवी चित्रपरंपराच उभी राहिली. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला. खेड्यातील भिंत ही कला आहे, हे भारत भवनाने ओळखले ही मोठी गोष्ट झाली. परंतु तो शोध बाजारात शिरला नाही. पाटी पैशासाठी रंगविली जाते, तिच्यावर अक्षरे असतात, ती शहरात टांगलेली असते. म्हणून ती लोककला नव्हे, असे आपण मानून चाललो.

हे मानणे कितपत बरोबर आहे? लोककलेची आपण सांगतो ती लक्षणे एकेक करून पाहू. ती शाळेबाहेर शिकली जाते. पाटी तशीच शिकली जाते. ती उपयोगासाठी असते. पाटीइतकी उपयोगी वस्तू कोणती? तिच्यात समाजाची ठरलेली चिन्हे असतात आणि तरी प्रत्येक हाताची खूण वेगळी असते. एकाच बाजारातील दोन पेंटरांचा 'क' ताडून पाहावा. राहता राहिला पैशाचा मुद्दा. कुंभार मडके विकतो म्हणून ते मडके कलेच्या पंक्तीतून उठवावे असे कोणी म्हणत नाही. खेड्यातील हात शहराच्या गरजेला लागला की त्याचे लोकत्व संपते, असे मानणे म्हणजे लोकांना खेड्यातच बांधून ठेवणे होय.

हा वाद आज नुसता पांडित्याचा राहिलेला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत प्लॅस्टिकच्या कापडावर यंत्राने छापलेला फ्लेक्स आला आणि पाहता पाहता बाजार त्याने व्यापला. पेंटरला जी पाटी करावयास तीन दिवस लागत ती यंत्र घटकाभरात छापून देते, त्यात छायाचित्रही येते, आणि खर्च कमी. दुकानदाराला दोष देता येत नाही. त्याला उद्या दुकान उघडावयाचे असते. परंतु फ्लेक्सवरील अक्षरे संगणकातील मोजक्या वळणांतून येतात. 'मंगल' हे संगणकावरील सर्वपरिचित नागरी वळण र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराच्या हातचे आहे, आणि ते उत्तम आहे. पण एकच उत्तम वळण नागपूर, रायपूर आणि दिल्ली येथे सारखेच उमटू लागले, तर अक्षर पाहून गाव ओळखण्याची सोय राहत नाही. शिवाय रंगविलेला पत्रा जुना झाला की घासून पुन्हा रंगविता येतो. फ्लेक्स फाटला की तो नाल्यात जातो आणि तेथेच राहतो.

काही जणांनी या दिशेने काम केलेले आहे. हनीफ कुरेशी या कलावंताने देशभरातील पेंटरांकडून त्यांची वर्णमाला रंगवून घेतली आणि त्या त्या पेंटरच्या नावाने ती संगणकावर वापरता येईल अशी केली. दिल्लीच्या पेंटर कफीलचे अक्षर त्यामुळे कफीलच्याच नावाने चालते. २०२४ मध्ये कुरेशी यांचे अकाली निधन झाले. त्यांचा मार्ग मात्र सोपा आहे आणि कोणत्याही शहराला तो अनुसरता येईल. रायपूरच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी जुन्या बाजारातील उरलेल्या पाट्यांची छायाचित्रे घ्यावी, पाटीच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांतले पेंटरचे नाव टिपावे, आणि तो हयात असेल तर 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतची, त्यात आपला 'ळ' घालून, वर्णमाला त्याच्याकडून मोबदला देऊन रंगवून घ्यावी. हे काम फार पैशाचे नाही. मात्र ते फार काळ थांबणारेही नाही. कारण ज्यांच्या हातात ते अक्षर आहे ते आता वृद्ध होत चालले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत.

ज्याला हे सारे क्षुल्लक वाटेल त्याने रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात एकदा जावे. १८७५ पासूनच्या या संग्रहालयात जुने शिलालेख व ताम्रपट जपून ठेवले आहेत. या मुलखात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी शरभपुरीय राजांचे राज्य होते. त्यांच्या ताम्रपटांची लिपी 'पेटिकाशीर्ष' म्हणून ओळखली जाते, कारण प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी कोरलेली असते. आपल्या विदर्भातील वाकाटकांचे ताम्रपटही याच वळणाचे आहेत. त्यांच्या अभ्यासात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आपले आयुष्य वेचले. त्या पेट्यांनी अर्थात काही भर पडत नव्हती. अक्षर देखणे दिसावे एवढ्यासाठी कोणा कारागिराने तो खटाटोप केला. आणि शरभपुरीयांच्या ताम्रपटांच्या अखेरीस ते कोरणाऱ्यांची नावेही आहेत: अचलसिंह, द्रोणसिंह, गोलसिंह. राजाने दिलेले गाव आज कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी कोणाला कर्तव्य उरले नाही, पण कोरणाऱ्यांची नावे विद्वान अजून वाचतात. रायपूरच्या पेंटरचे नावही पाटीच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. तो पत्रा भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी कोणीतरी ते वाचून लिहून ठेवावे.